दोन नंबरचा जोडा

बास्केटबॉलचा नवा बूट बाजारात येतो तेव्हा त्याच्या जाहिरातीत जुन्या बुटाची निंदा असते. फक्त ती नव्याच्या स्तुतीत लपवलेली असते. ‘आता अधिक हलका’ म्हणजे गेल्या वर्षी आम्ही तुमच्या गळ्यात जड बूट मारला. ‘आता घोट्याला अधिक आधार’ म्हणजे गेल्या वर्षी तुमचा घोटा रामभरोसे होता. ‘कोर्टवर आता घट्ट पकड’ म्हणजे तुम्ही घसरून पडत होतात त्यात तुमचा काही दोष नव्हता, आणि हे आम्हाला माहीत होतं. गंमत अशी की, गेल्या वर्षीच्या जाहिरातीत हाच जुना बूट हलका, आधार देणारा आणि पकड घेणारा होता. मधल्या बारा महिन्यांत त्या बिचाऱ्याने काहीही केलेलं नसतं. तो गोदामात खोक्यात बसून होता. तरी त्याची अब्रू गेली.

मला या व्यवहारात ओढलं ते माझ्या भाचीने. ती पुण्यात कॉलेजच्या संघातून खेळते, आणि आमच्या घरात खर्चिक वस्तू घेऊन देण्याचं काम परंपरेने मामाकडे येतं. मी स्वतः कोल्हापुरीच्या पुढे फारसा सरकलेलो नाही. कोल्हापुरीचं नवं मॉडेल निघाल्याचं आमच्या घराण्यात आजवर कुणी ऐकलेलं नाही. जुनी तुटली की तशीच दुसरी आणायची आणि दुकानदाराने ‘थोडं तेल लावा’ म्हणायचं, एवढाच काय तो विधी. त्यामुळे नवा बूट घ्यायचा की मागचाच परत, हा प्रश्न माणसाला पडू शकतो आणि त्यावर रात्र जागवता येते, हे मला नव्याने कळलं.

“मामा, पहिल्याची ग्रिप भारी होती. पण दुसऱ्याचा फोम मऊ आहे.”

“मग पहिल्याचा तळ आणि दुसऱ्याचा फोम असा घे ना.”

“तो तिसरा येईल,” ती म्हणाली. म्हणजे कंपनीचं पुढच्या दोन वर्षांचं धोरण घरात आधीच ठरलेलं होतं.

बोलणं चालू होतं ते सब्रिना वन आणि सब्रिना टू या जोड्यांबद्दल. सब्रिना आयोनेस्कू ही अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक लीगमधली खेळाडू. तिच्या नावाचा पहिला बूट २०२३ साली आला, दुसरा २०२४ मध्ये. पुरुषांच्या एनबीए लीगमधले सहा-सहा फुटी बाप्येही हे बूट घालून खेळतात, हे भाचीने मला दोनदा सांगितलं. आजवर मुलींना मुलांच्या मापाचे बूट शोधत हिंडावं लागत होतं, आता मुलं मुलीच्या नावाचा बूट मागतात, यात तिला जो आनंद होता तो फोमच्या मऊपणापेक्षा मोठा होता. मलाही झाला, पण मी तो किमतीची पट्टी पाहीपर्यंतच टिकवला.

तिने तिचा जुना बूट उलटा करून माझ्यासमोर धरला. तळाला नागमोडी रांगा असतात, एकात एक घुसवलेल्या. त्याला हेरिंगबोन म्हणतात. टाचेकडे त्या रांगांना अजून धार होती. चवड्याखाली, अंगठ्याच्या मुळाशी मात्र रुपयाएवढी जागा पार गुळगुळीत झाली होती. डाव्या बुटाची जास्त, उजव्याची कमी. कारण ती उजव्या हाताने खेळते, उडी घेते डाव्या पायावरून आणि गर्रकन वळते तीही बहुतेकदा त्याच पायावर. डाव्या बुटाच्या नाकाशी, आतल्या बाजूला, कापड विरून दोरे बाहेर आले होते. कारण नेम धरताना ती तो पाय जमिनीवरून किंचित फरफटत आणते. तिचा खेळ कधी न पाहिलेल्या माणसालाही तो त्या बुटावरून सांगता आला असता. प्रशिक्षकाने सांगून न सुटलेली खोड बुटाने लिहून ठेवली होती.

अमेरिकेतल्या कोर्टांची जमीन मेपलच्या लाकडाची असते. बॉस्टनवाल्यांची तेवढी ओकची, कारण बॉस्टनवाल्यांचं सगळंच वेगळं. त्या लाकडासाठी बनवलेलं मऊ रबर आपल्याकडे येतं आणि सिमेंटवर उतरतं. नागपाड्यापासून नागपूरपर्यंत बास्केटबॉलवर जीव टाकणारी मुलं वर्षानुवर्षं खेळत आली ती बहुतेक सिमेंटवरच, उन्हात. अशा जमिनीसाठी जास्त कडक रबराचे तळही काही बुटांना मिळतात, पण ते नेमके हव्या त्या रंगात नसतात. तरुण वयात झिजण्यापेक्षा रंग महत्त्वाचा, हे मी मान्य करून टाकलं.

मग नव्या-जुन्याचा निवाडा करणारे चलच्चित्रातले पंडित पाहणं आलं. हे लोक गंभीर असतात. आधी बूट स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून ग्रॅममध्ये वजन. मग तो हातात धरून पिळायचा, वाकवायचा, त्याची जीभ ओढायची. मग रिकाम्या कोर्टवर धावत जाऊन एकदम थांबायचं. बूट ‘चूं’ असा ओरडला की पंडित समाधानाने कॅमेऱ्याकडे पाहतो. तळाला धूळ चिकटली की तळहाताने पुसायची, आणि किती वेळा पुसावी लागली यावरून गुण. काहीजण तर करवत घेऊन बुटाचे सरळ दोन भाग करतात, आतला फोम किती जाड आहे ते दाखवायला. दोनशे डॉलरच्या बुटाचं शवविच्छेदन पाहताना माझ्या हातातला चहा निवला. आणि एवढं झाल्यावर निकाल काय? तर ‘ज्यांना मागचा आवडला त्यांना हाही आवडेल, ज्यांना मागचा आवडला नाही त्यांनी घालून पाहावा.’ आमच्याकडे पत्रिका पाहणारे गुरुजी याहून नेमकं सांगतात.

या सगळ्या तुलनेत मला एक अन्याय दिसतो, आणि तो करवतीलाही दिसत नाही. नवा बूट ज्याच्याशी तोलला जातो तो दुकानातला जुना बूट नसतोच. तो पायात मुरलेला जुना बूट असतो. त्याचा फोम पायाच्या ठशाप्रमाणे दबलेला, टाचेची कड मऊ झालेली, नाडी कुठल्या भोकापर्यंत ओढायची ते बोटांना पाठ. त्यानेही पहिल्या आठवड्यात टाचेला फोड आणला होता, पण फोड बरा होतो आणि विसरला जातो. त्याच्यात जिंकलेला सामना विसरला जात नाही. नव्याच्या वाट्याला फक्त फोड येतो. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण बुटाच्या बाबतीत ते नऊ दिवस शिक्षेचे असतात. तेव्हा नवा जोडा जुन्या जोड्याशी झुंजतो हे खरं नाही. तो जुन्याच्या आठवणीशी झुंजतो, आणि आठवणीचा तळ कुठल्याही कोर्टवर झिजत नाही.

याचं सगळ्यात करुण उदाहरण म्हणजे एअर जॉर्डन टू.

त्याचा थोरला, एअर जॉर्डन वन, आला १९८५ साली. पीटर मूरने रेखाटलेला, किंमत ६५ डॉलर. शिकागोच्या संघातल्या मायकेल जॉर्डन नावाच्या नवख्या पोराच्या नावाने बूट काढायचा ही नायकीची उडी तेव्हा धाडसाचीच होती. त्याच सुमारास एनबीएने पत्र पाठवून त्याच्या लाल-काळ्या बुटांना हरकत घेतली. पत्रातले ते बूट बहुधा जॉर्डन वन नव्हतेच, त्याच्या आधीचे एअर शिप होते असं जाणकार म्हणतात. पण नायकीने ‘यावर बंदी आहे’ अशी जाहिरात करून टाकली, आणि ज्यावर बंदी ते प्रत्येक पोराला हवं, हा नियम शिकागोतही चालतो. बूट तडाखेबंद खपला. पुढच्या मोसमात तिसऱ्याच सामन्यात जॉर्डनच्या डाव्या पायाचं हाड मोडलं, ६४ सामने बुडाले. परत आला आणि एप्रिल १९८६ मध्ये प्लेऑफला बॉस्टनच्या कोर्टवर ६३ गुण करून बसला. पायात जॉर्डन वनच. सामना शिकागोने गमावला, पण त्याची आठवण कुणाला राहत नाही. बॉस्टनच्याच लॅरी बर्डने नंतर असं काही बोलून दाखवलं, की त्या दिवशी कोर्टवर साक्षात देव उतरला होता असंच वाटावं.

आता असा थोरला भाऊ ज्या शाळेत शिकून गेलाय तिथे धाकट्याने जायचं. पहिल्या दिवशी बाई हजेरी घेताना चष्म्यावरून बघणार, “तू त्याचा धाकटा का?” पुढची दहा वर्षं मग काहीही करा.

जॉर्डन टू १९८६ च्या अखेरीस आला. घरच्यांनी त्याच्यासाठी काही कमी केलं नव्हतं. बूट इटलीत बनवला. उंची कातडं, त्यावर सरड्याच्या कातडीसारखी नक्षी. रेखाटन ब्रूस किलगोरचं, म्हणजे एअर फोर्स वन ज्याने दिला त्याचं. सोबत पीटर मूरही होताच. अंगावरची नायकीची ती सुप्रसिद्ध खूणच काढून टाकली, एवढा आत्मविश्वास. आणि किंमत केली १०० डॉलर. कागदावर प्रत्येक गोष्ट थोरल्यापेक्षा सरस. लोकांनी पाहिलं आणि म्हणाले, छान आहे, पण... या ‘पण’ला उत्तर देईल असं कातडं इटलीतही मिळत नाही. पोरांना सुट्टीच्या दिवशी जेवायला जायचे बूट नको होते. त्यांना ते बंदी असलेले हवे होते.

आणि त्या १९८६-८७ च्या मोसमात जॉर्डनने काय केलं? सामन्यामागे सरासरी ३७.१ गुण. त्याच्या अख्ख्या कारकिर्दीत एवढी सरासरी त्याला पुन्हा कधी गाठता आली नाही. मोसमात तीन हजारांवर गुण केले. डंकची स्पर्धा जिंकली, तीही जॉर्डन टू घालून. म्हणजे दहावीचा निकाल धाकट्याचाच चांगला लागला. पण आजही जुन्या बुटांचे शौकीन एकत्र बसले की वनबद्दल बोलतात, थ्रीबद्दल बोलतात, आणि टूचा विषय निघाला की कुणीतरी चहा मागवतो. मला या बुटाबद्दल विलक्षण माया वाटते. त्याच्यात दोष एकच होता, तो दुसरा होता.

थ्रीची गोष्ट वेगळी. पीटर मूर आणि रॉब स्ट्रासर, ज्यांनी जॉर्डनला आणलं, ते दोघेही नायकी सोडून गेलेले. जॉर्डनही निघायच्या बेतात असल्याचं बोललं जात होतं. अशा वेळी काम आलं टिंकर हॅटफील्डकडे. हा मूळचा वास्तुविशारद, कंपनीत इमारतींची कामं करायला आलेला. त्याने एक अफाट गोष्ट केली. ज्याच्या पायात बूट जाणार त्यालाच विचारलं, तुला काय हवं? जॉर्डनला बूट ना फार उंच, ना फार बुटका हवा होता. आणि कातडं पहिल्या दिवसापासून मऊ हवं होतं, कारण तो दर सामन्याला नवा जोडा काढायचा. जुना बूट पायात मुरण्याचं जे सुख तुम्हाआम्हाला मिळतं ते जगातल्या सर्वांत महागड्या पायांना मिळतच नव्हतं! नमुना दाखवायच्या बैठकीला जॉर्डन तासन्‌तास उशिरा आला, गोल्फ खेळत होता, अशी हकीकत हॅटफील्डच सांगतो. आला तो घुश्शातच. बूट पाहिला आणि निवळला. टाचेजवळ खिडकी पाडून आतली हवेची पिशवी दिसेल अशी ठेवलेली, नाकाशी आणि टाचेला हत्तीच्या कातडीची नक्षी, जिभेवर उडी मारणाऱ्या जॉर्डनची आकृती. १९८८ च्या फेब्रुवारीत शिकागोतच डंकच्या स्पर्धेत तो पंधरा फुटांवरच्या फ्री-थ्रो रेषेवरून उडाला, तो हाच जोडा घालून. एवढं झाल्यावर करवतवाल्या पंडितांना विचारतो कोण?

सगळ्याच धाकट्यांवर अन्याय होतो असंही नाही हं. काही धाकटे मार खायच्याच लायकीचे असतात. कोबी ब्रायंट तेव्हा आदिदासकडे होता. २००० साली त्याच्या नावाचा बूट आला, ऑडी टीटी या मोटारीवरून सुचलेला, गुळगुळीत आणि फुगीर. दिसायला विचित्रच, पण घालणाऱ्यांना आवडला. पुढच्या वर्षी त्याचा दुसरा अवतार निघाला. त्यात मोटार इतकी शिरली की बूट बाहेर राहिला. पायाला पत्र्याचा डबा बांधल्यासारखा तो दिसे. खुद्द कोबीने २००२ च्या प्लेऑफमध्ये पायात परत पहिलं मॉडेल चढवलं आणि विजेतेपद घेतलं. त्याच उन्हाळ्यात त्याने करार मोडला, तोही आपल्याच खिशातले ८० लाख डॉलर मोजून. बुटावरचं परीक्षण याहून सडेतोड कुणी लिहिलेलं नाही.

पुढे नायकीकडे गेल्यावर याच कोबीने चौथ्या बुटाच्या वेळी रेखाटनकार एरिक एव्हारला सांगितलं, घोटा उघडा ठेव. लहानपण इटलीत गेलेलं, फुटबॉल डोळ्यांत भरलेला. तो म्हणे, फुटबॉलवाले याहून वेड्यासारखे वळतात आणि त्यांचे बूट घोट्याखाली असतात. तिसरा कोबी जाडजूड आणि उंच, चौथा एकदम बुटका. घराघरांतल्या आयांनी कपाळाला हात लावला असणार. माझ्या बहिणीने तर लावलाच. “घोटा झाकलेला बरा,” हे ती बूट आणि स्वेटर यांच्याबद्दल एकाच सुरात सांगते. तिला मी १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासाचा दाखला दिला. ६२२ कॉलेजवयीन खेळाडूंना उंच आणि बुटके बूट वाटून पाहिलं, घोटे मुरगळण्यात ठळक फरक आढळला नाही. ती म्हणाली, “त्यांच्या आया बघत होत्या का?” त्याला अभ्यासात उत्तर नव्हतं. कोबीने मात्र चौथा घालून न्यूयॉर्कला एका रात्रीत ६१ गुण केले, आणि नवव्याच्या वेळी, टाचेचा स्नायुबंध तुटून शस्त्रक्रिया झाल्यावर, बूट थेट नडगीपर्यंत वर नेला. टाचेवर लाल धाग्याचे टाके घातले, शस्त्रक्रियेची आठवण म्हणून. उंच, मग बुटका, मग परत उंच. प्रत्येक वेळी जाहिरातीत प्रगतीच होती.

कॉन्व्हर्सवाले या बाबतीत शहाणे. त्यांचा ऑल स्टार १९१७ चा. कापड, रबराचा सपाट तळ, घोट्याशी गोल बिल्ला, आणि त्यावर नंतर चक टेलर या फिरत्या विक्रेत्याचं नाव. विल्ट चेम्बरलेनने १९६२ मध्ये एका सामन्यात शंभर गुण केले ते याच कापडी बुटात. पुढे खेळाडूंनी तो सोडला आणि गिटारवाल्यांनी उचलला. आत मऊ असं काही नाही. दिवसभर घातला की संध्याकाळी तळपाय बोलायला लागतात. ही तक्रार लोक दोन पिढ्या करत होते. शेवटी २०१५ साली कंपनीने मनावर घेतलं आणि चक टू काढला. दिसायला जवळजवळ तसाच, आत नायकीचा लूनार्लॉन नावाचा मऊ फोम, किंमत वीसेक डॉलर जास्त. सुमारे शंभर वर्षांनी आलेला धाकटा! लोकांनी घालून पाहिला, पाय दुखेनात. आणि लोक म्हणाले, याला ती मजा नाही. चक टू काही काळातच गुपचूप बंद झाला. कंपनीने १९७० च्या काळातल्या घडणीचा चक सेव्हंटी आधीच काढून ठेवला होता, तो मात्र जोरात चालला. पाय दुखतात ही तक्रार होती खरी, पण ती सोडवा असं कुणी सांगितलं होतं? आपणही उन्हाळ्याबद्दल तक्रार करतोच की.

जुन्याची आणि नव्याची सगळ्यात प्रामाणिक तुलना केली ती पुन्हा जॉर्डननेच. ८ मार्च १९९८. त्याचा न्यूयॉर्कमधला शेवटचा सामना म्हणून गाजलेला. तोवर त्याच्या नावाचे तेरा बूट झालेले. त्या रात्री त्याने जुन्या दिवसांतला, पहिल्या मॉडेलचा जोडा काढला आणि घातला. तो आता घट्ट होत होता. मध्यंतरापर्यंत पायातून रक्त आलं, मोजे भिजले. बदलेना. का, तर खेळ चांगला चालला होता. ४२ गुण केले आणि सामना संपल्यावर तो जोडा जो काढला तो काढला. तेरा मॉडेलांची प्रगती खरी होती, याचा याहून ठोस पुरावा नको. आणि तरी ती रात्र लोकांना आठवते ती त्याच बुटासाठी.

तुम्ही म्हणाल, जुना एखादा न वापरलेला जोडा जपून ठेवावा आणि नव्याशेजारी ठेवून निःपक्षपाती तुलना करावी. तेही होत नाही. जॉर्डन थ्रीसारख्या बुटांच्या मधल्या थरात पॉलियुरेथेन असतं. हवेतली ओल त्याची साखळी हळूहळू तोडत जाते. दहा-पंधरा-वीस वर्षांत तो थर ठिसूळ होतो, आणि घालाल तर चालता चालता भुगा. न वापरलेला जोडा तर वापरलेल्याच्या आधी जातो असं संग्राहक सांगतात. पायाच्या दाबाने आतली ओल निघून जाते, खोक्यातल्याची आतच राहते. उष्णता आणि दमट हवा असेल तर हे काम आणखी भराभर. मुंबई-कोकणातल्या माणसाला हे कुठल्या रसायनशास्त्रज्ञाने सांगायला नको. पावसाळ्यात माळ्यावरून ‘चांगले आहेत’ म्हणून जपलेले बूट काढावेत, पायात घालून लग्नाला निघावं, आणि मांडवात पोचेपर्यंत मागे काळ्या चुऱ्याची रेघ उमटलेली असावी, हे ज्याने पाहिलं नाही तो भाग्यवान. सोल्यूशन लावून चिकटवायला तिथे काही उरलेलंच नसतं. कोपऱ्यावरचा बूटवाला बूट हातात घेऊन फक्त मान हलवतो आणि परत देतो. पैसे घेत नाही, इतकी वाईट वेळ असते.

म्हणून कंपन्या आता जुनीच मॉडेलं नव्याने काढतात. दिसायला जुनं, पोटात नवा फोम. एनबीएमध्ये आज कितीतरी खेळाडू कोबीच्या पाचव्या-सहाव्या बुटाच्या अशा आवृत्त्या घालतात, म्हणजे रेखाटन २०१० च्या आसपासचं. मग पंडित बसतात नव्या जुन्याची जुन्या जुन्याशी तुलना करायला. कातडं मूळच्यासारखं नाही, रंग एक छटा फिका आहे, वास तो नाही. हो, वासालाही गुण असतात.

आम्ही दुकानात गेलो तेव्हा माझ्या डोक्यात हे सगळं होतं, आणि शिवाय एक गोष्ट होती जी एकाही परीक्षणात ऐकली नव्हती. नवं मॉडेल आलं की मागच्याची किंमत उतरते. माझ्या मते नव्या बुटाचा हा सर्वांत मोठा गुण आहे, आणि त्यासाठी कंपन्यांनी दरमहा नवं काढायला माझी हरकत नाही.

“काका, हे बघा नवीन. कालच लागलं,” दुकानातला मुलगा म्हणाला.

“मागचं दाखवा.”

“मागचं आता आउटडेटेड झालं, काका.”

“कधीपासून?”

“काल.”

“चालेल. त्यात सहा नंबर?”

तो आत गेला. बराच वेळ खोकी पडल्याचे आवाज आले. बाहेर येऊन म्हणाला, “त्यात दहा आहे, अकरा आहे. आणि एक बारा आहे, पण तो डिस्प्लेचा, एकाच पायाचा.” तोवर भाचीने नव्याच्या नाड्या बांधल्या होत्या आणि दुकानाच्या फरशीवर धावत जाऊन ती एकदम थांबत होती. बूट ‘चूं’ म्हणाला. तिने माझ्याकडे पाहिलं. दुकानातल्या मुलानेही पाहिलं. मी पाकीट काढलं.

बिल हातात आलं तेव्हा त्यावर एका मोज्यांच्या जोडीला वीस टक्के सूट दिसली. मोजे बरे होते, जाड, टाचेला पट्टी. मी विचारलं, “यावर सूट कशी काय?”

“नवीन मोजे आलेत ना, काका,” तो म्हणाला.